भाईजानचे विमान लांब करताना

अम्मींच्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, रजयांच्या मागे एक चपटा खोका तेरा वर्षे पडून होता. खोक्यावर ढगांतून जाणाऱ्या, दोन पंख्यांच्या विमानाचे रंगीत चित्र आणि खाली ‘एटीआर ४२’ अशी अक्षरे. आत प्लास्टिकचे सुटे भाग. कापून, चिकटवून, रंगवून विमान तयार करायचे. आमचे थोरले बंधू शारजाला एसी दुरुस्तीच्या कामावर होते. घरात लहानथोर सगळेच त्यांना भाईजान म्हणत. २०११ च्या सुट्टीत येताना त्यांनी हा खोका आणला. त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम वर्षाचा. “मोठा झाला की दोघं मिळून बनवू,” असे म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हाताने वर ठेवला. पुढच्या वर्षी ते तिकडेच वारले.

तेव्हापासून त्या खोक्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. दर ईदेच्या आधी कपाट रिकामे व्हायचे, खोका खाली यायचा, फडक्याने पुसला जायचा आणि परत वर जायचा.

तो खाली आला, उघडला गेला आणि त्यातल्या विमानावर करवतही चालली. ती कशी, हे वाचकांना सांगावेसे वाटते.

सुरुवात झाली बिरसीपासून. गोंदियाकरांना बिरसीचा विमानतळ काही नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये ब्रिटिशांनी तो बांधला. नंतर वर्षानुवर्षे तिथे फारसे काही घडले नाही. पुढे वैमानिक घडवणारी संस्था आली आणि डायमंड जातीची लहान विमाने आकाशात घिरट्या घालू लागली. फुलचूरला आमच्या गच्चीवर धान वाळत घातले असले की मुले राखणीला बसतात आणि पाखरे हाकलण्याऐवजी विमाने मोजतात. पण तिकीट काढून बसता येईल असे विमान बिरसीला उतरायला १३ मार्च २०२२ उजाडावा लागला. इंदूर–गोंदिया–हैदराबाद अशी ती सेवा होती. ती फार काळ टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबाद आणि तिरुपतीसाठी विमान सुरू केले. दोन्ही वेळा आलेले विमान एकाच जातीचे, एटीआर ७२.

जानेवारी २०२४ मध्ये अम्मी मामांच्या कुटुंबासोबत उमराहला निघाल्या. एरवी आमच्याकडून जाणारे लोक आधी रेल्वेने नागपूर किंवा मुंबई गाठतात. या वेळी बिरसीहून हैदराबाद आणि तिथून पुढे जेद्दा. अम्मींचा विमानाचा हा पहिलाच प्रवास. फुलचूर नाक्यावरून गोंदिया ओलांडून आम्ही दोन गाड्या भरून पोहोचवायला गेलो. पुतण्या कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभा होता. विमान आले, थांबले, मागच्या बाजूचे दार उघडून जिन्यासारखे खाली आले. लगेच एक माणूस धावत गेला आणि त्याने शेपटीखाली एक दांडी टेकवली.

“चाचा, ती काठी कशाला?”

आम्ही शाळेत गणित शिकवतो, उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांतून शिकवले आहे. पण त्या काठीचे उत्तर आमच्याकडे नव्हते. त्याचा दुसरा प्रश्न मात्र सोपा वाटला. “आपल्याकडे कपाटात ४२ आहे. त्याचं ७२ करता येईल?”

“येईल की,” आम्ही म्हणालो. शिक्षकाची ही जुनी खोड, वर्गात ‘माहीत नाही’ म्हणायचे नाही. घरी येईपर्यंत मुलाच्या मनात ते पक्के झाले होते.

४२ चे ७२ करणे ही पोराची कल्पना नव्हे, खुद्द कारखान्यानेच ते केले होते. एटीआर हा फ्रान्स आणि इटलीच्या कंपन्यांनी १९८१ मध्ये मिळून सुरू केलेला उद्योग. विमाने जुळतात फ्रान्समधल्या तुलूझ शहरात. त्यांचे ४२ पहिल्यांदा उडाले १६ ऑगस्ट १९८४ रोजी. साधारण ४८ माणसांचे हे विमान चालले, पण कंपन्यांना जास्त माणसे न्यायची होती. नवे विमान आखायचे तर कागदापासून सुरुवात, शिवाय वैमानिकांचे आणि मिस्त्रींचे शिक्षणही नव्याने. त्यापेक्षा आहे त्याच विमानाचे पोट कापून मध्ये तुकडे घालायचे. २७ ऑक्टोबर १९८८ रोजी ७२ उडाले, तेच ४२, साडेचार मीटर लांब झालेले.

इथे एक हिशोब सांगतो, जो आम्ही सातवीच्या वर्गातही घातला. ४२ ची लांबी २२.६७ मीटर, ७२ ची २७.१७ मीटर. वाढ झाली जवळपास २० टक्के. मग माणसे किती वाढली? मुलांनी पटकन ४८ ला २० टक्के लावून ५७-५८ असे उत्तर काढले. चूक. विमानाचे नाक, वैमानिकांची खोली, सामानाची जागा, शौचालय, शेपटी हे सगळे तेवढेच राहते. वाढलेली लांबी सगळीच्या सगळी खुर्च्यांना मिळते. दोन ओळींमध्ये सुमारे ३० इंच धरले तर साडेचार मीटरमध्ये सहा ओळी बसतात. प्रत्येक ओळीत इकडे दोन, तिकडे दोन, म्हणजे २४ माणसे. ४८ अधिक २४ बरोबर ७२. लांबी एक पंचमांश वाढली आणि प्रवासी दीडपट झाले. (खुर्च्या आणखी जवळ सरकवून आता याच विमानात ७८ बसवतात. अम्मींचे गुडघे याची साक्ष देतील.)

जगात मोठमोठी विमाने याच युक्तीने लांबवली गेली. अमेरिकेच्या डीसी-८ ला १९६६ मध्ये पंखांपुढे २० फूट आणि पंखांमागे १६ फूट ८ इंच असे तुकडे घातले, एकूण साडेछत्तीस फुटांहून जास्त. त्याचा स्पर्धक बोईंग ७०७, जो एअर इंडियाने १९६० मध्ये आणला, त्याला मात्र हे जमले नाही. कारण मजेशीर आहे. त्याचे पाय आखूड होते. उडताना विमान नाक वर उचलते तेव्हा शेपटी खाली झुकते. पाय आखूड आणि शेपटी लांब असली तर ती धावपट्टीला घासते. डीसी-८ चे पाय उंच होते म्हणून ते वाढू शकले. आपल्याकडे सगळीकडे दिसणारे एअरबस ए३२० वाढवून ए३२१ केले तेव्हा पुढे ४.२७ मीटर आणि मागे २.६७ मीटर घातले. शिवाय पंखांवरची संकटकालीन लहान दारे काढून तिथे पूर्ण दारे द्यावी लागली, कारण माणसे वाढली की बाहेर पडायच्या वाटाही वाढायला हव्यात. ओघाने आणखी एक गोष्ट. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ए३२० आणले तेव्हा आपल्या धावपट्ट्यांना वजन झेपावे म्हणून मुख्य पायांना दोनऐवजी चार-चार चाके लावून घेतली होती. माणूस जमिनीकडे बघून चप्पल निवडतो, तसेच विमानाचेही.

तुकडा मध्येच का घालायचा, मागे का जोडायचा नाही, हे पुतण्याने विचारले. आम्ही त्याला पट्टी बोटावर तोलायला लावली. विमान पंखांवर तोललेले असते. नुसते मागे वाढवले तर शेपूट खाली, नुसते पुढे वाढवले तर नाक खाली. म्हणून पंखांच्या दोन्ही बाजूंना वाटून घालायचे.

हे सगळे सांगून, हिशोब करून आम्ही खोका खाली काढायला गेलो आणि अम्मी कपाटासमोर उभ्या राहिल्या.

“काटोगे? उसकी निशानी है.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरे झाले असते. उमराहहून परतून त्यांना पंधरा दिवस झाले होते. जमजमच्या बाटल्या अजून वाटून संपल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, जसे आहे तसे बनवा, त्याला मी ना म्हणत नाही. पण कापू नका. भाभी काहीच बोलल्या नाहीत. भाभी बोलत नाहीत तेव्हा घरात सगळ्यांना कळते. आमची पत्नी म्हणाली, नवा संच मागवा आणि तो कापा. हा तोडगा आम्हाला पटला. शोधले, तर त्या किमतीत मुलाची वर्षभराची पुस्तके आली असती.

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही अम्मींच्या बाजूचे होतो. भावाच्या हाताची एवढी एकच वस्तू जशीच्या तशी उरली होती. घड्याळ बंद पडले, शर्ट कुणाकुणाला दिले, मोबाईल कधीच गेला. तो खोका मात्र दुकानातून आला तसा, प्लास्टिकच्या वेष्टणासकट. त्यावर करवत चालवायची?

पुतण्याने हट्ट केला नाही. तो वयाच्या मानाने फार शांत आहे, आणि आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते. आठवडाभराने जेवताना तो एवढेच म्हणाला, “अब्बूंनी बनवायला आणलं होतं ना? ठेवायला तर नव्हतं आणलं.” आणि मग, “दादी ज्यातून गेल्या ते बनवायचं होतं.”

ताटावर कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेतून आलो तर खोका बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर होता. कुणी ठेवला हे विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. अम्मींशिवाय त्या कपाटाची किल्ली कुणाकडे नसते.

वेष्टण भाभींनी कापले. आत पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटींना भाग चिकटलेले, एक घडीचा नकाशा आणि पाण्यात भिजवून लावायची चित्रे. चित्रे पिवळी पडली होती आणि हात लावताच तडकत होती. आमचे त्यांच्यावाचून अडणार नव्हते, कारण त्यांवर युरोपातल्या विमान कंपनीची नावे होती. एक गोष्ट मात्र नशिबाने जमून आली. हे ४२ चे नंतरचे रूप होते, त्यामुळे पंख्यांना सहा-सहा पाती होती, बिरसीच्या विमानासारखीच. अगदी पहिल्या ४२ ला चारच पाती असत. तसा संच असता तर बारा पाती घडवत बसावे लागले असते.

आता मापे. प्रमाण १:१४४, म्हणजे खऱ्या विमानाचे १४४ सेंटिमीटर आपल्याकडे एक सेंटिमीटर. साडेचार मीटरला १४४ ने भागले की ३१.२५ मि.मी. एवढीच वाढ, दोन बोटांच्या रुंदीची. पण पुढे किती आणि मागे किती? हे कोडे पुतण्याने सोडवले. माहितीपत्रकात पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंतचे अंतर दिलेले असते. ४२ चे ८.७८ मीटर, ७२ चे १०.७७ मीटर. मागची चाके पंखांच्या खाली पोटाला असतात, ती पंखांबरोबरच राहणार. म्हणजे मधली जवळपास दोन मीटरची वाढ पंखांपुढची, आणि उरलेली अडीच मीटर मागची. आमच्या प्रमाणात पुढे १४ आणि मागे १७ मि.मी. आम्ही वीस वर्षे गणित शिकवतो आहोत. असा प्रश्न पुस्तकात कधी दिसला नाही.

विमानाच्या पोटाची रुंदी २.८६५ मीटर. १४४ ने भागले तर १९.९ मि.मी. हा आकडा पाहून आम्ही थबकलो. वीस मि.मी. म्हणजे घरातल्या वायरिंगचा पाइप! भिंतीतून वायर नेतात तो, दुकानात ज्याला पाऊण इंची म्हणतात. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने एक नळी काढून दिली आणि कुठे फिटिंग आहे विचारले. विमानात, असे पुतण्याने सांगितल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. बहुतेक त्याला गंमत वाटली असावी.

ज्यांच्या घरी असा जुना संच पडून असेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. कापण्याआधी पोटाचे दोन्ही अर्धे भाग चिकटवून पूर्ण नळी करून घ्यावी आणि दोन दिवस तसेच ठेवावे. मग कागदाची सरळ कापलेली पट्टी नळीभोवती गुंडाळावी. पट्टीची दोन्ही टोके एकमेकांवर तंतोतंत आली की कडेने ओढलेली रेघ काटकोनात असते. याच्याइतकी साधी आणि खात्रीची युक्ती दुसरी नाही. रेघेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे पाते घसरत नाही. आम्ही आधी पाइपाच्या तुकड्यांवर सात-आठ वेळा सराव केला. हॅक्सॉ ब्लेड उघड्या हातात धरायचे नाही, एका टोकाला फडके गुंडाळायचे. दाबायचे नाही, ओढू द्यायचे, पाते आपले काम करते.

पहिला काप पुतण्याने घेतला. आम्ही विमान धरले होते. अम्मी स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज तेवढा बंद झाला होता.

काप सरळ आला. आणि लगेच एक चूक लक्षात आली. पात्याने आणि नंतरच्या घासण्याने मिळून जवळपास एक मिलिमीटर प्लास्टिक खाल्ले होते. विमान तेवढे आखूड झाले. म्हणून तुकडे १४ आणि १७ ऐवजी १५ आणि १८ मि.मी.चे कापले. शिंपी शिवणीत जाणारे कापड धरतो तसे हे आधीच धरायला हवे होते.

दुसरी अडचण चिकटवण्याची. संचाबरोबर वापरतात तो द्रव त्या प्लास्टिकला किंचित विरघळवून जोडतो, पण वायरिंगचा पाइप पीव्हीसीचा. त्याच्यावर तो धड चालत नाही. तिथे दोन ट्यूब मिसळून करायचा अराल्डाइट कामाला आला. आतून आधाराला प्लास्टिकची पट्टी गोल वाकवून बसवली, म्हणजे सांधा नुसत्या कडांवर राहत नाही. बाहेरची फट एम-सीलने भरली, आणि ओला पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. सांध्यावरून नख फिरवायचे. अडले की परत भरायचे, परत घासायचे. तीन रविवार त्यात गेले. या कामात आमची मुलगीही बसू लागली आणि तिचा हात आमच्यापेक्षा चांगला निघाला.

पंखांकडे आमचे दुर्लक्षच झाले असते. ७२ नुसते लांब नाही, त्याचे पंखही मोठे आहेत. टोकापासून टोकापर्यंत ४२ चे २४.५७ मीटर, ७२ चे २७.०५. वजन साडेअठरा टनांवरून तेवीस टनांपर्यंत गेले, ते उचलायला पंख हवेतच. ७२ चे बाहेरचे पंख नव्याने आखून कार्बन फायबरचे केले गेले. आमच्या विमानाला प्रत्येक बाजूला साडेआठ मि.मी. वाढवायचे होते. इंजिनाच्या बाहेर, जिथे पंखाचा सरळ भाग संपून तो निमुळता होऊ लागतो, तिथे कापले. तिथे तुकडा घातला की पायरी पडत नाही. खऱ्या विमानाचा घाट याहून नाजूक आहे, जाणकाराला आमची तडजोड ओळखू येईल. तुकड्यांसाठी पत्नीने भाईजानच्या जुन्या कव्वालीच्या कॅसेटची डबी आणून दिली. कॅसेटच्या डब्या त्याच जातीच्या प्लास्टिकच्या असतात आणि संचाच्या द्रवाने पक्क्या बसतात. ते प्लास्टिक ठिसूळ. कापायचे नाही, रेघ कोरून मोडायचे.

एकदा पंख बसले, शेपटी बसली, चाके बसली. पुतण्याने विमान टेबलावर ठेवले आणि ते मागे कलंडून शेपटीवर बसले. पुढचे चाक हवेत.

कुणीतरी हसले आणि मग कुणीच हसले नाही. नाकात वजन घालायचे असते, हे नकाशात पहिल्याच पायरीला लिहिले होते. आम्ही ते वाचले होते. पोट चिकटवताना विसरलो, आणि कापल्यावर नळी दोन्हीकडून उघडी असतानाही विसरलो. आता सगळे बंद होते आणि विमान आधीपेक्षा लांब आणि मागे जड झाले होते. मुलगा उठून गच्चीवर गेला. दार आपटले नाही. आपटले असते तर बरे, असे पुन्हा वाटले.

त्या रात्री आम्हाला बिरसीची ती काठी कळली. या विमानात माणसे मागच्या दाराने चढतात. सगळे एकदम मागे गर्दी करून उभे राहिले तर खरे विमानही आमच्या विमानासारखे शेपटीवर बसू शकते. म्हणून जमिनीवर असताना शेपटीखाली टेकू देतात. प्रवासी कमी असले तर कुणी कुठे बसायचे हेही याच कारणाने ठरवले जाते. तेवीस टनांच्या विमानाला जी काळजी, तीच आमच्या मूठभर प्लास्टिकला.

उपाय असा निघाला की पुढच्या तुकड्याच्या पोटाला, खालून, एक भोक पाडायचे आणि त्यातून वजन आत सोडायचे. शिसे मुलांच्या हातात द्यायचे नव्हते, ते विषारी. काहीतरी लहान, गोल, जड हवे. अम्मी तेव्हा दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि बामचा एक जुना डबा घेऊन आल्या. शारजाला जाण्याआधी भाईजानचे नाक्यावर सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान होते. डब्यात सायकलचे छर्रे होते, वंगणात बुडालेले, म्हणून न गंजलेले. हा डबा घरात आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

छर्रे रॉकेलने धुऊन वाळवले. पुतण्या गच्चीवरून खाली आला. विमान नाकावर उभे धरायचे, एक छर्रा आत, विमान चाकांवर ठेवायचे, बघायचे. पुन्हा उचलायचे. दहाव्या छर्र्याला ते थोडे डगमगले. पंधराव्याला पुढचे चाक टेकले आणि फुंकर मारताच उचलले गेले. सतराव्याला टेकले ते टेकलेच. आणखी एक अम्मींनी टाकला, “एहतियात के लिए.” वरून अराल्डाइट ओतला, विमान रात्रभर पेल्यात नाकावर उभे ठेवले आणि सकाळी भोक बुजवले.

रंगाचे फार सांगत नाही. वर पांढरा, खाली गडद निळा. फवाऱ्याचा डबा लांब धरून पातळ थर द्यायचे, एकदम भिजवले तर प्लास्टिक खराब होते. खिडक्यांचा प्रश्न होता, कारण पाइपाला खिडक्या कुठून येणार? मूळच्या खिडक्याही आम्ही एम-सीलने बुजवून टाकल्या होत्या. गाड्यांच्या नंबरपाट्या करतो त्या रेडियमवाल्याकडे गेलो. त्याने संगणकावर अडीच मि.मी. उंचीच्या काळ्या खिडक्या कापून दिल्या. त्याच्या यंत्राने एवढे बारीक काम आधी केले नव्हते, पहिली पट्टी वाया गेली. खिडक्या चिमट्याने एकेक लावायच्या होत्या. ते काम भाभींनी घेतले. पीको-फॉलचे काम करणारा हात तो. दोन संध्याकाळी, मगरिबनंतर, दोन्ही बाजू पूर्ण झाल्या, आणि रांग कुठे वाकडी नाही.

शेपटीखाली टेकवायला पुतण्याने खराट्याच्या काडीची एक दांडी केली आहे. आता तिची गरज नाही, छर्रे आहेत. पण तो म्हणतो, बिरसीला असते म्हणजे असायला हवी.

मोजले तेव्हा लांबी १८९ मि.मी. भरली. हिशोबाने १८८.७ हवी होती.

विमान बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवायचे ठरले. ठेवण्याआधी अम्मींनी ते हातात मागितले. चष्मा पुसून, विमान डाव्या बाजूने डोळ्यांजवळ नेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“माझी खिडकी कुठली?”

पुतण्याने विचारले, दादी, पंख कुठे दिसत होता, पुढे की मागे? पुढे आणि वर, त्या म्हणाल्या. चाक बाहेर येताना दिसले, तेही थोडे पुढेच. त्याने सुईच्या टोकाने खिडक्या मोजल्या, चाकाच्या फुगवट्याच्या मागे आला आणि एका खिडकीवर थांबला. ती पाइपावर होती.